स्प्रिंग किती कडक, स्वेबार किती जाड : कोकणातल्या गाडीचं गणित

माझी पहिली चूक सांगूनच सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी जुनी डिझेल हॅचबॅक घेतली आणि ती जरा बसकी दिसावी म्हणून एका गॅरेजात चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा ग्राइंडरने कापून घेतला. खर्च जवळजवळ शून्य, दिसायला झकास. परशुराम घाट उतरताना वळणात गाडी मस्त बसली, म्हटलं जमलं आपल्याला. मग गणपती आले. आई, मावशी, दोन पोरं, मखराचं सामान आणि तांदळाची अर्धी गोण असा सगळा संसार भरून गुहागरला निघालो आणि चिपळूण सुटतंय न सुटतंय तोवर मागून टण्ण. पुढच्या गतिरोधकाला परत टण्ण. आई आधी दर वेळी "जपून रे" म्हणत होती, नंतर म्हणायचं पण सोडलं, नुसती वरचं हँडल धरून बसली. त्याच आठवड्यात जॅक लावून मागचं चाक उचललं तर स्प्रिंग सैल पडून, ती जिच्यात टेकते त्या बशीतून सुटलेली, हाताने गोल फिरवता येत होती. रस्त्यात कुठे चाक मोठ्या खड्ड्यात लटकलं असतं तर ती निघून कुठेतरी अडकलीच असती.

तर त्यानंतर हा विषय जरा डोकं लावून शिकलो. जे लिहितोय ते ट्रॅकवाल्यांसाठी नाही. ज्याची गाडी आठवडाभर ऑफिसला जाते, रविवारी मजा म्हणून आरे-वारेच्या रस्त्याला जाते, महिन्यातून एकदा कुंभार्ली नाहीतर आंबा घाट चढते आणि मे महिन्यात आंब्याच्या पेट्या वाहते, त्याच्यासाठी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, आपल्याकडे सगळ्यात आधी जपायची ती ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वरखाली व्हायला मिळणारी जागा. ती खाऊन जे काही कराल ते पहिल्या खड्ड्यालाच कळेल.

आणि स्प्रिंगला हात लावायच्या आधी जे आहे ते नीट आहे का बघा. आमचे मिस्त्रीकाका म्हणतात, "अरे बाबू, अर्धी गिऱ्हाइकं स्प्रिंग बदला म्हणून येतात आणि बुश बदलून घरी जातात." लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर), स्ट्रट माउंट, शॉकअपला तेल सुटलंय का, आणि स्वेबारचा (वळणात गाडी कमी झुकावी म्हणून डावं-उजवं चाक जोडणारा रॉड) तो लिंक ज्याला सगळ्या गॅरेजात जंपिंग रॉड म्हणतात, हे सगळं टाइट पाहिजे. जंपिंग रॉड खटखट वाजत असेल तर बार सुरुवातीचे काही मिलिमीटर कामच करत नाही, मग एकदम करतो, आणि तुम्हाला वाटतं गाडी मऊ आहे. टायरची हवा पण थंड असताना भरून घ्या, प्लॅकार्डवर लिहिलीय तेवढी. हवेतच चार पौंडाचा फरक असेल तर पुढचं सगळं ट्यूनिंग हवेतच.

आता स्प्रिंग रेट म्हणजे काय, तर स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला किती जोर लागतो. कोणी न्यूटन/मिमी सांगतो, जपानी सामान किलो/मिमी मध्ये येतं, अमेरिकन पौंड/इंच मध्ये. १ किलो/मिमी म्हणजे ९.८१ न्यूटन/मिमी म्हणजे साधारण ५६ पौंड/इंच, एवढं पाठ ठेवा, म्हणजे दुकानदार काहीही आकडा फेकू दे.

स्प्रिंगवर रेट लिहिलेला नसतो पण मोजून काढता येतो. तारेची जाडी चौथ्या घातात घ्यायची, त्याला स्टीलच्या ७९,००० ने गुणायचं, आणि खाली ८ गुणिले व्यासाचा घन गुणिले कामाचे वेढे. व्यास म्हणजे बाहेरून मोजलेला व्यास वजा तारेची जाडी. कामाचे वेढे म्हणजे जे खरंच दबतात ते, वर-खाली बशीला टेकलेले सोडून. समजा तार १२ मिमी, व्यास १३० मिमी, वेढे ५, तर उत्तर येतं १८.६ न्यूटन/मिमी. तीच तार १३ मिमी केली, बाकी काही नाही बदललं, तर २५.७. एक मिलिमीटरने जवळजवळ ३८ टक्के! म्हणूनच मोजताना कंजूषपणा नको. मी पहिल्यांदा वर्निअर सरळ रंगावर लावला होता, १२.३ आलं. मग रॉकेलच्या फडक्याने चिखल पुसून, पॉलिश पेपरने एका ठिकाणचा रंग काढून बघितलं तर १२.० निघालं. तीन दशांश मिलिमीटरचा रंग होता आणि त्याने माझा हिशोब १० टक्के चुकवला होता. (मोजून झालं की त्या जागेला लगेच प्रायमर आणि रंग मारा, आपली हवा कशी आहे ते माहितीय, दोन दिवसांत तांबडं दिसायला लागतं.)

याच गणितात वेढा कापण्याचं पण उत्तर आहे. पाचातला एक गेला की स्प्रिंग २५ टक्के कडक होते हे खरं, पण उंची जी जाते ती त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त, म्हणजे थोडा कडकपणा मिळतो आणि ट्रॅव्हल सगळी जाते. शिवाय कापलेलं टोक बशीत नीट बसत नाही, आणि गॅसने कापलं असेल तर तिथलं पाणीच उतरतं.

आता मेन प्रश्न, किती कडक पाहिजे? इथे लोक "अमुकने तमुक घातलंय" वर जातात. तसं नको, आपल्या गाडीचं वजन करा. चिऱ्याचे आणि वाळूचे ट्रक जातात तो काटा तुमच्या आसपास असेलच. टाकी अर्धी, तुम्ही सीटवर, आधी फक्त पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. काट्याच्या बाहेरचा भाग सपाट असला पाहिजे, चढ असेल तर आकडा खोटा येतो. काटेवाला आधी हसला मला, ट्रकमागून एवढीशी गाडी आली म्हणून, मग स्वतःच खाली उतरून चाक बरोबर रेषेवर आहे का बघायला लागला. माझी पुढे ६८० आणि मागे ४१० किलो आली. म्हणजे एका चाकावर पुढे ३४०, मागे २०५. यातून चाक, ब्रेक, हब, आर्मचा अर्धा भाग हे वजा करायचं कारण ते स्प्रिंगच्या वर नाही, खाली आहे. पुढे ३५ आणि मागे ३० धरले. राहिले पुढे ३०५, मागे १७५. हे अंदाजच आहेत पण पुरतात.

पुढचं काम फ्रीक्वेन्सी ठरवायचं, म्हणजे गाडी स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा डुलणार. साध्या घरच्या गाड्या १ ते १.५ हर्ट्झ, जरा स्पोर्टी १.५ ते २, रेसच्या गाड्या त्याच्याही वर. हिशोब सोपा आहे : वजन किलोत, गुणिले फ्रीक्वेन्सीचा वर्ग, गुणिले ०.०३९५, की चाकापाशी लागणारा रेट न्यूटन/मिमी मध्ये मिळतो. मी पुढे १.३ धरलं, आलं २० च्या थोडं वर.

मागे मात्र पुढच्यापेक्षा जास्त ठेवतात. यामागची गंमत अशी की खड्ड्यावर पुढचं चाक आधी चढतं, मागचं थोडं नंतर. दोन्ही बाजू एकाच तालात डुलल्या तर मागची बाजू कायम मागे राहते आणि गाडी होडीसारखी पुढेमागे मान हलवत जाते. मागची फ्रीक्वेन्सी जरा जास्त असेल तर ती पुढच्याला गाठते आणि गाडी सपाट वरखाली होऊन शांत होते. ही गोष्ट १९३० च्या दशकात मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरने जनरल मोटर्समध्ये काम करताना पक्की मांडली, आणि अजून तीच चालते. पुस्तकात मागे १० ते २० टक्के जास्त सांगतात. तसं करून मी मागे १.५ घेतलं, चाकापाशी १५.५ न्यूटन/मिमी आलं, खुश झालो.

आणि इथेच बहुतेक जण फसतात, कारण हा हिशोब रिकाम्या गाडीचा आहे. गणपतीची गाडी घ्या. मागे तिघं आणि डिकी भरून सामान, मागच्या एक्सलवर २३० किलो आलं, चाकाला ११५. १५.५ च्या स्प्रिंगवर मागची बाजू किती खाली जाणार? ७३ मिलिमीटर. छोट्या गाडीला मागे वरच्या बाजूला एकूण जागाच कितीशी असते, तेवढ्यात बम्प स्टॉप (ट्रॅव्हल संपली की लागणारा रबराचा ठोकळा) येतो. आणि फ्रीक्वेन्सी १.५ वरून उतरते १.१६ वर, पुढची तेव्हा १.२५ च्या आसपास असते. म्हणजे मागची पुढच्याच्या खाली गेली, होडी सुरू. मागे बसलेल्याला आरे-वारेच्या त्या चढ-उतारांवर उलटी का येते त्याचं एक कारण हे पण आहे.

म्हणून मागची स्प्रिंग भरलेल्या गाडीवरून ठरवा. मी रिकाम्यात १.७ घेतलं, म्हणजे चाकापाशी २० न्यूटन/मिमी. भरल्यावर ती १.३२ होते, पुढच्यापेक्षा अजून थोडी वर, आणि खाली बसते ७३ ऐवजी ५६ मिमी. रिकाम्या गाडीत मागे जरा थाड थाड लागतं हे खरंय. लागू दे. एकटा असताना मी पुढेच बसतो ना.

मी सारखं "चाकापाशी" म्हणतोय त्याला कारण आहे. स्प्रिंग चाकाच्या बरोबर वर नसते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात) असेल तर जवळपास चाकाइतकीच हलते, ०.९५ धरा, त्याचा वर्ग ०.९. मग चाकापाशी २०.३ हवं तर स्प्रिंग २२.६ ची लागते. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा) असेल, आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना तोच असतो, तर बीमच्या पुढच्या बुशापासून स्प्रिंगच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा, आणि बुशापासून चाकाच्या मध्यापर्यंतचं. माझं ३६ आणि ४२ सेंटीमीटर आलं. भागाकार ०.८६, वर्ग साधारण ०.७३५, म्हणजे २० साठी २७ न्यूटन/मिमीची स्प्रिंग. वर्ग करायला विसरू नका. मी विसरलो होतो आणि २३ ची ऑर्डर द्यायच्या बेतात होतो.

उंचीकडे पण लक्ष द्या. कडक स्प्रिंग कमी दबते, म्हणून नवी स्प्रिंग जुनीइतकीच लांब असेल तर गाडी उंच बसते. माझ्या आकड्यांत, १५.५ वरून २० वर जाताना, मागे २५ मिमी. मूळ उंची हवी असेल तर स्प्रिंग मोकळी असताना साधारण २१ मिमी आखूड हवी. मी मधलं काहीतरी घेतलं, मागून १० मिमी वर ठेवली, आपल्या रस्त्यांना ते बरंच पडतं. आणि खाली करायचा मोह होत असेल तर एक ऐका : मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत गाडी जेवढी खाली कराल त्यापेक्षा जास्त वेगाने पुढचं रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती बॉडी झुकते तो) खाली जातं, म्हणजे बॉडी झुकवणारा हात, गुरुत्वमध्य ते तो बिंदू एवढं अंतर, उलट लांब होतो. खाली केलेली गाडी झुकते कमी असं वाटतं ते कडकपणामुळे किंवा ती बम्प स्टॉपवर बसलीय म्हणून. वळणाच्या मधोमध बम्प स्टॉप लागला की त्या कोपऱ्याचा रेट एकदम कितीतरी पटीने वाढतो आणि ती बाजू घसरते, मागची असेल तर तोंडचं पाणी पळतं.

स्प्रिंगा मिळवायच्या कुठून? महागडे सेट आहेतच. पण आधी त्याच मॉडेलच्या जड व्हेरिअंटची स्प्रिंग बघा. डिझेलच्या पुढच्या स्प्रिंगा पेट्रोलपेक्षा कडक असतात कारण इंजिन जड, सीएनजीवाल्याच्या मागच्या बऱ्याचदा टाकीच्या वजनासाठी कडक असतात. बशी तीच, डोकेदुखी कमी, किंमत रास्त. वेढ्यांवर रंगाचे ठिपके असतात ते ग्रेडसाठी असतात, डावी-उजवी जोडी एकाच रंगाची घ्या. वेढे एका टोकाला जवळ जवळ असतील तर ती प्रोग्रेसिव्ह, दबत जाईल तशी कडक होते. भरलेली-रिकामी असा मोठा फरक असणाऱ्या गाडीला मागे ती चांगली, फक्त वरचं गणित तिला सरळ लागू होत नाही. आणि ते वेढ्यांमध्ये घालायचे रबराचे नाहीतर युरेथेनचे बफर, दुकानात नेहमी पुढे करतात, ते एक वेढा बाद करून स्प्रिंग कडक करतात एवढंच. गणपतीपुरते मागे घालायला चालतील, कायमचे नको, त्यात लाल चिखल अडकून बसतो आणि तिथेच गंज धरतो.

शॉकअपचं थोडक्यात : स्प्रिंग जेवढी वाढवली त्याच्या वर्गमुळाएवढं डॅम्पिंग (डुलणं थांबवायचा जोर) वाढायला पाहिजे. माझी १५.५ वरून २० म्हणजे २९ टक्के वाढली तर शॉकअप साधारण १४ टक्के जोरदार हवा. नवे कंपनीचे शॉकअप एवढं सांभाळून घेतात. जुने नाही घेत. उंचवटा ओलांडल्यावर गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे, परत परत डुलली तर शॉकअप कमी पडतोय.

आता बार. स्वेबार म्हणा, अँटी-रोल बार म्हणा, स्टॅबिलायझर म्हणा, तो एक वाकवलेला रॉड आहे जो डाव्या आणि उजव्या चाकाला एकमेकांशी बांधतो. दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढली तर तो बुशात नुसता फिरतो, काहीच करत नाही. एक वर आणि एक खाली गेलं तर पिळला जातो आणि विरोध करतो. त्यामुळे स्प्रिंग न वाढवता वळणातलं झुकणं कमी करता येतं, फुकटात मिळाल्यासारखं वाटतं. फुकट नसतं. समोरून एसटी आली आणि तुम्ही डावी चाकं साइडपट्टीवर उतरवली की हाच बार उजव्या बाजूला पण ओढतो, सगळी गाडी कुल्यावरून हलते, डोकं खिडकीला आपटतं. जाड बार घातलेल्या गाडीत मागे बसून आपल्या आतल्या रस्त्यांनी जाऊन बघा एकदा.

बारची जाडी पण चौथ्या घातात. २० चा २२ केला की ४६ टक्के कडक. २२ चा २४ केला की आणखी ४२ टक्के. त्यामुळे "फक्त दोन एमएम जाड आहे" असं कोणी म्हणालं तर त्याला हे सांगा. पोकळ बार मिळतो, २४ मिमी बाहेरून आणि १६ आतून, तो भरीव २४ च्या ८० टक्के कडक असतो आणि वजन ५६ टक्केच. पण पोकळ बार आतून गंजतो, टोकं नीट बंद आहेत का बघा. समुद्रापासून दोन किलोमीटरवर राहात असाल तर भरीवच घ्या. बारच्या हाताची लांबी पण महत्त्वाची, लिंकचं भोक २२० वरून २०० मिमी वर आणलं की २१ टक्के कडक. म्हणजे बाहेरचं भोक मऊ, आतलं कडक. उलटं समजून बसलेले लोक मी बघितलेत.

पण बारचं खरं काम झुकणं कमी करणं नाहीच, गाडी पुढून घसरणार की मागून ते ठरवणं आहे. ११०० किलोच्या आसपासची गाडी अर्ध्या जी ने (बाजूला तिच्या वजनाच्या निम्म्या जोराने) वळणात गेली, तिचा गुरुत्वमध्य साधारण ५५ सेंटीमीटरवर आणि ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) १.४५ मीटर धरला, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे २०० किलो जातात. स्प्रिंग काहीही घाला, बार काहीही घाला, हे २०० किलो जाणारच. तुमच्या हातात फक्त एवढं की त्यातले पुढच्या एक्सलवर किती आणि मागच्यावर किती. आणि टायरचा स्वभाव असा की दुप्पट वजन टाकलं तर पकड वाढते पण दुप्पट होत नाही, त्याहून कमीच राहते. म्हणून ज्या एक्सलवर जास्त बदली झाली तो एक्सल आधी दमतो. पुढे जाड बार, पुढची घसरेल, म्हणजे अंडरस्टिअर. मागे जाड बार, मागची सैल होईल.

आपल्या पुढून चालणाऱ्या (इंजिनचा जोर पुढच्या चाकांना), नाक जड असलेल्या गाड्या मुळातच अंडरस्टिअर करतात, कंपनी मुद्दाम तसं ठेवते कारण साध्या माणसाला ते सांभाळता येतं. कुंभार्लीच्या घट्ट वळणात स्टिअरिंग अजून फिरवलं तरी नाक बाहेरच जातंय असं होत असेल तर पुढचा बार जाड करू नका, सगळ्यात आधी लोक तेच करतात. मागचा वाढवा. टॉर्शन बीम स्वतःच पिळला जाऊन बारसारखं काम करतो, त्याच्या पोटात किंवा मागे बोल्ट होणारा जास्तीचा बार मिळतो. त्याने मागे थोडी सैल होते, नाक आत येतं, आणि आतल्या पुढच्या चाकावर वजन राहिल्यामुळे चढावर वळणातून बाहेर पडताना ते चाक फुकट फिरत नाही. आतलं मागचं चाक कधी कधी हवेत दिसेल, कोरड्यात त्याने घाबरायचं नाही. मागून चालणाऱ्या गाडीला बहुतेक वेळा उलट, तिथे पुढच्या बारपासून सुरुवात करतात.

पण पाऊस आला की हाच बार डोकं वर काढतो. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, मग सगळा जून लाल चिखल, नंतर सावलीतल्या वळणांवर शेवाळ. अशात उतारावर वळणात घाबरून एकदम पाय उचलला तर वजन पुढे जातं आणि कडक बारवाली मागची बाजू सुटते. भोस्ते घाटात माझी सुटली होती. वेग चाळीसच्या आसपास, ट्रक लांब होता म्हणून निभावलं. त्या दिवशी मागे जुने टायर होते ही माझीच चूक, जास्त नक्षीचे टायर मागेच पाहिजेत, चालणारी चाकं पुढची असली तरी.

बार लावताना लिंकचे नट गाडी जॅकवर असताना शेवटचे टाइट करू नका. सपाट जागेवर, चारही चाकं जमिनीवर, कोणीतरी ड्रायव्हरच्या सीटवर बसलेला, मग लिंक ताण न येता भोकात सहज गेला पाहिजे. तो जर हातोडीने घालावा लागत असेल तर बार आधीच पिळलेला आहे, गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे वेगळी वळेल. लिंकची लांबी बदलता येत असेल तर ती जुळवा. बार धरून ठेवणाऱ्या पॉलियुरेथेनच्या डी-बुशाला सिलिकॉन ग्रीस भरपूर, नाहीतर पावसाळाभर दाराच्या बिजागरीसारखी कुरकुर ऐकत बसाल.

टेस्टिंगसाठी भारी काही लागत नाही. शॉकअपच्या दांड्याला एक झिपटाय घट्ट न करता बसेल एवढी बांधा आणि खाली शॉकअपच्या नळीपर्यंत सरकवून ठेवा. नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी मारा. शॉकअप दबला की टाय वर सरकते आणि तिथेच राहते. आल्यावर टाय बम्प स्टॉपला चिकटलेली असेल तर ट्रॅव्हल संपतेय, स्प्रिंग कमी पडते किंवा गाडी फार खाली आहे. अर्ध्यातच थांबली असेल तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे. मी रत्नागिरी ते गणपतीपुळे आरे-वारे मार्गे जातो, त्यात चढ, उतार, कडेचे तुटके भाग सगळं मिळतं. एकदा एकटा, एकदा मागे दोन माणसं आणि डिकीत दोन पेट्या. सोबत वही, तारीख, हवा, काय बदललं, टाय कुठे. एका वेळी एकच गोष्ट बदला. वळणात शिरताना बिघडतंय तर बहुतेक शॉकअप, वळणाच्या मधे स्थिर असताना बिघडतंय तर स्प्रिंग-बार. आणि मागच्या सीटचा रिपोर्ट नक्की घ्या. आमच्याकडे तो आईच्या कमरेचा असतो, तिला हर्ट्झ कळत नाही पण १.७ वरून १.९ केलं होतं ते तिने पहिल्या किलोमीटरला ओळखलं.

कायद्याचं एक वाक्य : मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फरक पडेल अशा बदलांना अडवतं, त्यामुळे मोठं काही करायच्या आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या, नंतर क्लेमच्या वेळी वाद नको. जड व्हेरिअंटची कंपनीची स्प्रिंग मला आवडते त्याचं हे पण एक कारण.

गंजाचं मात्र विसरू नका. स्प्रिंग सहसा मधे तुटत नाही, खालच्या शेवटच्या वेढ्यात तुटते, जिथे ती बशीत बसते, रंग घासून निघतो आणि चिखल आणि खारं पाणी साचतं. किनाऱ्यावर गाडी उतरवली असेल तर त्याच संध्याकाळी खालून गोड्या पाण्याचा पाइप मारा, बशीची भोकं काडीने मोकळी करा. बशीतलं रबर फाटलं असेल तर नवी स्प्रिंग घालताना तेही बदला, नव्या स्प्रिंगचा रंग त्यानेच वाचतो.

आता माझं सध्याचं सेटिंग : पुढे २२.६, मागे २७, पुढचा बार कंपनीचाच, मागे जास्तीचा बार दोन भोकांचा. मृग लागायच्या आठ दिवस आधी मी मागचा लिंक बाहेरच्या मऊ भोकात घालतो आणि दसऱ्याला पूजेच्या आधी गाडी धुतली की परत आतल्या भोकात. दोन पाने, अर्धा तास, थोडं ग्रीस, आणि नट सुटत नसेल तर आदल्या रात्री त्यावर गंज सोडवायचं तेल मारून ठेवायचं.